गोळी चुकली नव्हती, सुजाता

सुजाता,

तू गेल्याला आज अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी एकच वाक्य किती वेळा बोलले असेन, देव जाणे. तिची गोळी चुकली नव्हती. भेटायला येणारा माणूस आधी रडतो, मग चहा घेतो, आणि कप खाली ठेवताना आवाज उतरवून विचारतो, "गोळी-बिळी चुकली होती का वो?" मी 'हो' म्हटलं असतं तर त्याला मोकळ्या मनाने घरी जाता आलं असतं. चूक सापडली की मरण समजल्यासारखं वाटतं.

मीही तेच केलं. तुझ्या घरी पोचले, तुझ्या पायाशी बसले, आणि थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरात गेले. फळीवरच्या डब्यातून तुझ्या गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि शेजारच्या कॅलेंडरवरच्या तुझ्या फुल्यांशी ताडून पाहिल्या. सकाळची फुली, सांजची फुली. दोनदा मोजलं. सगळं बरोबर होतं. आदल्या सांजेची फुलीसुद्धा होती, जरा तिरपी, घाईत मारलेली. तिथे ओट्याला धरून उभी असताना मला तुझा राग आला. एखादी तरी चूक ठेवायची होतीस.

हे लिहायला बसले तर तुझ्या 'बाई'ची, मोठ्या बहिणीची नाही, शाळेतल्या बाईंची भाषा येते आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, माह्यासंगं पुस्तकासारखी काऊन बोलून राह्यली?" पण बोलायला गेले की वाक्य अर्ध्यावर तुटतं. लिहिताना निदान ओळ पुरी होते.

तुला पहिला झटका आला तेव्हा तू सहावीत होतीस आणि मी नववीत. सकाळची प्रार्थना चालली होती. पुढच्या रांगेत धप्पकन आवाज झाला. पोरं बाजूला सरली आणि मधे तू पडलेली, हातपाय ताठ, तोंडाला फेस. कोणी चप्पल आणली, कोणी कांदा फोडायला धावलं, कोणी तुझ्या मुठीत चाव्यांचा जुडगा कोंबला. गुरुजी ओरडले, "हिची बहीण कोण आहे?" मी शेवटच्या रांगेत होते. माझा हात वर गेला नाही. फार वेळ नाही, चार श्वास असतील. तेवढ्यात माझ्या मैत्रिणीने मला पुढे ढकललं. त्या चार श्वासांचं मी तुला कधी सांगितलं नाही. तुला त्यातलं काही आठवणं शक्यच नव्हतं. म्हणूनही सांगितलं नसेल.

मायला वाटत होतं, बाहेरचं काहीतरी लागलं आहे. बाबा सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात रोजीवर रोवणा-निंदणाची कामं करत. तिथल्या एका साहेबांनी त्यांना सांगितलं की ही मिरगी आहे, डोक्याच्या आतला आजार आहे आणि त्याला औषध असतं. बाबांना तेवढं पुरलं. मायने अंगारा आणला तेव्हा ते म्हणाले, "दीक्षा घेतली तवा आपण हे सगळं सोडून आलो न? मंग पोरीच्या टायमाले माघारी काऊन जाऊन राह्यली?" दुसऱ्या दिवशी ते तुला घेऊन चंद्रपूरच्या बसमध्ये बसले.

ती तुझी पहिली गोळी. फेनिटोइन. नाव मला फार उशिरा कळलं. घरात ती 'सुजाताची गोळी' होती. आठवड्याला येणारे झटके दोन-तीन महिन्यांवर गेले. मायने तुला पुन्हा चुलीजवळ बसू दिलं, बाबांनी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत न्यायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग तुझ्या हिरड्या फुगायला लागल्या. आधी थोड्या, मग दात अर्धे झाकतील इतक्या. वरच्या ओठावर लव आली, हातांवर केस वाढले. तू चौदा वर्षांची होतीस. त्या वयात आरशासमोरून पोरगी हलत नाही आणि तू आरसा उलटा करून ठेवलास. तोंडावर हात ठेवून हसायला लागलीस, मग हसणंच कमी झालं. दहावीच्या निरोप समारंभाच्या फोटोला तू गेलीच नाहीस. एकदा घरापुढच्या सपरीत तांदूळ निवडता निवडता मला म्हणालीस, "बाई, फिट बरी होती. येते न जाते. हे तोंड जात नाई."

मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, "फिटीतच मेलीस, तर तोंडाचं का करशील?"

तू तांदळात पाहत राहिलीस. त्या वाक्याची मला त्या दिवशी लाज वाटली नव्हती. मला वाटलं होतं, मी मोठी बहीण आहे, खरं बोलते आहे.

नागपूरला नेलं ते बाबांच्या हट्टामुळे. तिथल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडच्या. त्यांनी विचारलं, "कॉलेजला एकटी जातेस का?" तू म्हणालीस, "मी सायकलनं जातो." त्या गोंधळून तुझ्याकडे आणि मग कागदाकडे पाहू लागल्या. मी सांगितलं की आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. त्या हसल्या, आणि तू कितीतरी महिन्यांनी हसलीस, हात वर न नेता. त्यांनी वाकून तुझ्या हिरड्या नीट पाहिल्या आणि म्हणाल्या, "हे गोळीमुळे आहे. बदलू आपण. पण हळूहळू, एकदम नाही."

दुसरी गोळी, व्हॅल्प्रोएट. तिच्यावर नऊ वर्षं तुला एकही झटका आला नाही. नऊ वर्षं, सुजाता. हिरड्या वर्षभरात उतरल्या. घरातला तुझ्यावरचा पहारा उठला. मला सगळ्यात जास्त आठवते ती न्हाणीची कडी. तोवर तुला दार लावून अंघोळ करायची परवानगी नव्हती. माय बाहेर बसून "सुजाता? सुजाता?" करत राहायची आणि तू आतून ओ द्यायचीस. एका रविवारी तू आत गेलीस आणि आम्ही कडी वाजल्याचं ऐकलं. माय उठली. बाबांनी तिला हाताने खाली बसवलं. तू तासभर बाहेर आली नाहीस. आत गात होतीस. भीमजयंतीची गाणी, एकामागून एक. बाबांनी तोंड फिरवलं होतं, पण मला दिसलं, ते रडत होते.

म्हणून गोळ्यांना शिव्या द्यायला बसले तरी माझी जीभ अडते. तुझं शिवणकामाचं शिक्षण त्या गोळीने पुरं केलं. पहिली मशीन तू स्वतः सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलीस. तुला एकटीला बाजारात जाता आलं.

पण तिनेही आपला वाटा घेतलाच. तू फुगत गेलीस. न्हाणीच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. आणि हात थरथरू लागले. बाकी कोणाला ते कळलंही नसतं. तू शिलाईवाली होतीस, म्हणून कळलं. सुईत दोरा ओवताना तू दोन्ही कोपरं मशीनवर टेकवायचीस, श्वास धरायचीस. शेजारच्या पोरीला हाक मारून तिच्याकडून दोरा ओवून घेताना मी तुला पाहिलं आहे. तेव्हाही मी एवढंच विचारलं, "गोळी घेतली न?"

प्रकाश तुला पाहायला आला तेव्हा माझं आणि मायचं ठरलं होतं, आजाराचं आत्ता काही बोलायचं नाही. इतक्या वर्षांत झटका नाही, मग आजार कुठे आहे? तू पोह्यांच्या बशा ठेवल्यास आणि उभ्या उभ्याच म्हणालीस, "मले मिरगी आहे. गोळी घेतो दोन टाइम. जन्मभर घ्याची आहे. नंतर मालूम पडण्यापेक्षा आता सांगतो." प्रकाशचा मामा खाकरला. मी तुझ्याकडे असं पाहिलं की तू जळून जावीस.

प्रकाश कोरपन्याकडे एका सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामगार. बोलायला मुळातच कमी. त्याने बशी खाली ठेवली आणि विचारलं, "गोळी कोन्या टायमाले असते जी? माही ड्युटी बदलत राह्यते, म्हणून विचारतो."

तू मला नंतर स्वयंपाकघरात म्हणालीस, "याच्यासंगंच करतो मी लग्न." मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही. बरोबर तू होतीस.

मग मूल हवं झालं. डॉक्टरीणबाईंनी तुम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की या गोळीवर दिवस राहिले तर बाळात व्यंग येऊ शकतं, आधी गोळी बदलू, काही महिने थांबू, मग ठरवा. मी म्हटलं, दत्तक घ्या. मी म्हटलं, नऊ वर्षांचं सुख कोणी असं मोडतं का? तू म्हणालीस, "बाई, डॉक्टर सांगून राह्यल्या न, होते म्हणून. मंग तू काऊन भेऊन राह्यली?"

तिसरी गोळी, लेव्हेटिरासेटम. तिने वजन वाढवलं नाही, केस राखले. हात स्थिर झाले. तू फोनवर ओरडून सांगितलंस, "बाई, दोरा! एका झटक्यात गेला सुईत!" 'झटका' हा शब्द आपल्या घरात पहिल्यांदा कोणी आनंदाने वापरला असेल.

आणि तिने तुला राग दिला. तू मुळात रागीट नव्हतीस. गरोदरपणाच्या सहाव्या महिन्यात मी तुला भेटायला आले, तेव्हा ताट वाढता वाढता सवयीने विचारलं, "गोळी घेतली का?" तू ताट भिंतीवर फेकलंस. वरण कॅलेंडरवरून ओघळत होतं. तू म्हणालीस, "तू माही बाई नाई, दरोगा आहेस. लहानपणापासून माह्या तोंडात गोळी पाहते, माह्याकडे पाहत नाईस. चालली जा इथून." मी पिशवी उचलली आणि दुपारच्या बसने निघाले. माझ्या घरापर्यंत, आरमोरीपर्यंतच्या वाटेत रडलेही नाही, इतकी संतापले होते.

चार महिने मी तुला फोन केला नाही. तुझी पोरगी, मैत्री, जन्मली तेव्हा प्रकाशचा फोन आला. बाळ-बाळंतीण ठीक आहेत म्हणाला, आणि मग अडखळत, "बाई, तिच्यावर गुस्सा नका ठेवू. डॉक्टर म्हणाल्या, ह्या गोळीनं कोणाकोणाले असा गुस्सा येते. थोडी कमी केली आता." मी आले. तू मैत्रीला माझ्या मांडीवर दिलंस. धडधाकट, दहा बोटं हाताची, दहा पायाची, मी मोजली. त्या ताटाबद्दल तू बोलली नाहीस, मीही नाही. आवाज गोळीचा होता, हे मी मानलं. शब्द कोणाचे होते, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

डोस कमी केल्यावर तू पुन्हा तू झालीस. पण झटके परत आले. वर्षाला दोन-तीन, नेहमी झोपेत. सकाळी उठलीस की जीभ चावलेली, अंग ठेचल्यासारखं. डोस वाढवला की तू मैत्रीवर खेकसायचीस आणि मग स्वतःच रडत बसायचीस. डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडून पाहिली, तिने अंगावर पुरळ आला, ती बंद करावी लागली. मी म्हणत राहिले, जुन्या गोळीवर परत जा. पोरगी झाली, आता काय अडतं? तू म्हणायचीस, दुसरं पाहिजे आहे. कधी म्हणायचीस, हात थरथरतील. शेवटच्या फोनवर खरं बोललीस.

"बाई, त्या नऊ वर्षांत मले झटका नाई आला, पण मी अर्ध्या झोपेत होतो. आता वर्षातून तीन सकाळी खराब जाते. बाकीच्या सगळ्या माह्या आहेत."

"आणि त्या तिनातल्या एखाद्या सकाळी काही झालं तर?"

"होईल तवा पाहू. दिवाळीले येतो न मी, तवा भांड."

प्रकाश रातपाळी करून सकाळी साडेसातला घरी आला. मैत्री अंगणात कोंबड्यांना कण्या टाकत होती. "आई उठून नाई राह्यली," म्हणाली. तू पालथी होतीस, तोंड उशीत. प्रकाशने तुला उलटवलं तेव्हा तू थंड झाली होतीस. तो आजही सांगताना तिथेच थांबतो आणि म्हणतो, मी दिवसपाळी मागून घ्यायला पाहिजे होती. मी त्याला सांगते की तुझी चूक नाही. त्याला सांगताना माझं मला पटतं, एकटी असले की पटत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की झोपेत मोठा झटका आला तर क्वचित कोणाचा श्वास आणि हृदय थांबतं, गोळ्या वेळेवर घेणाऱ्याचंही. झटके पूर्ण थांबलेले असले तर धोका बराच कमी असतो. हे त्यांनी तुला आणि प्रकाशला सांगितलं होतं. "तिने सगळं ऐकून, विचारून ठरवलं होतं," असं त्या म्हणाल्या. म्हणजे तुला माहीत होतं. मला तू सांगितलं नाहीस. मी काय केलं असतं ते तुला पक्कं ठाऊक होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं उठली, आणि जवळच्या गुड्यावरची, तिथल्या आदिवासी पाड्यावरची लच्चूबाई माझ्यापाशी येऊन बसली. तिच्यासोबत तिची तेरा वर्षांची राधा होती. लच्चूबाईने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी राधाचा झटका तू बाजारात पाहिलास आणि तू स्वतः दोघींना दवाखान्यात नेलंस. पुजाऱ्याकडे जायचं तर जा, पण गोळी सोडू नको, असं बजावलंस. दर महिन्याला राधाची चौकशी करत होतीस. यातलं एक अक्षर तू मला सांगितलं नव्हतंस.

मग लच्चूबाई म्हणाली, "मी पोरीची गोळी बंद केली, बाई. आठ दिवस झाले. सुजाताबाई एवढी टायमावर घेत होती. तिले वाचवली का गोळीनं?"

मला त्या क्षणी म्हणावंसं वाटलं, नाही, नाही वाचवली, फेकून दे. खरंच वाटलं. राधा माझ्याकडे पाहत होती. तिच्या कपाळावर ताजी खोक होती. परवाच पडली होती, म्हणे.

मी म्हटलं, "लच्चूबाई, सुजाता सहावीत होती तवा आठवड्याले पडत होती. चुलीत पडली असती, विहिरीत पडली असती. गोळीनं तिले शिलाई शिकवली, नवरा दिला, हे पोरगी दिली." मैत्री तेव्हा प्रकाशच्या खांद्यावर झोपली होती. "शेवटी नाई वाचवली. पण तोवर वीस वर्षं तिनंच वाचवली. एकदम बंद केली तर झटके अजून जोरानं येते. उद्या दवाखान्यात चल माह्यासंगं."

माझ्या तोंडून हे निघालं, आणि बोलताना मला कळत होतं की मी गोळीची नाही, तुझी बाजू मांडते आहे. लच्चूबाई राधाला घेऊन उठून गेली. पण सकाळी बसथांब्यावर दोघी उभ्या होत्या.

चंद्रपूरला दवाखान्यात गर्दी होती. दुपारी नंबर लागला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गोळी जुन्या कागदावरच पुन्हा लिहून दिली, आईला समजावलं, आणि मग खुर्ची राधाकडे वळवून विचारलं, "गोळी घेतल्यावर तुले कसं वाटते?"

राधा आईकडे पाहू लागली. लच्चूबाई बोलायला गेली तर डॉक्टरांनी हाताने थांबवलं. "तिले सांगू द्या."

मग राधा बोलली. शाळेत दुसऱ्या तासाला डोळे मिटतात. फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात. गुरुजी आळशी म्हणतात. भाकर लोखंडासारखी लागते. एक मैत्रीण होती, ती आता दुसऱ्या बाकावर बसते. सांगताना ती पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होती आणि थांबत नव्हती. डॉक्टर लिहून घेत होते. मग त्यांनी सकाळचा डोस कमी करून सांजेचा वाढवला आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. लच्चूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. पोरीच्या शेजारी रोज झोपणारी आई, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

मी बाकावर टेकून ऐकत होते, सुजाता. राधाचं सगळं ऐकलं. अक्षरं तुलाही दोन-दोन दिसत होती का? भाकर कशी लागायची? अर्ध्या झोपेतली ती नऊ वर्षं आतून कशी होती? शेवटच्या फोनवर तू सांगायला सुरुवात केली होतीस, आणि मी मधेच बोलले.